उजाड अंगणातली मिरी

सहाव्या शतकातला एक अरबी कवी वाळवंटातून जाताना आपल्या दोन सोबत्यांना थांबवतो. थांबण्यासारखं तिथे काहीच दिसत नाही. वाळूच्या टेकाडाचा वळसा जिथे संपतो ती जागा. एका अंगाला दखूल, दुसऱ्या अंगाला हौमल. कधीकाळी तिथे त्याच्या प्रेयसीच्या माणसांचे तंबू होते. ‘थांबा रे दोघं, तिच्या आणि त्या वस्तीच्या आठवणीनं जरा रडून घेऊ,’ असं म्हणत कविता सुरू होते. दक्षिणेचा वारा आणि उत्तरेचा वारा त्या जागेवर वाळू विणत राहिले, तरी खुणा अजून पुसल्या गेलेल्या नाहीत, असं तो सांगतो. मग त्याची नजर खाली, अंगणाच्या जमिनीकडे जाते. तिथे पांढऱ्या हरणांच्या लेंड्या पडलेल्या आहेत. मिऱ्यांच्या दाण्यांसारख्या.

इम्रुल कैसच्या या ओळीपाशी मी पहिल्यांदा आलो तेव्हा पुढे जाववेना. विरहानं व्याकूळ झालेल्या माणसाला लेंड्या दिसतात, आणि तो त्या कवितेत ठेवतो! ओळ जितकी मनात घोळवली तितकी ती उघडत गेली. हरीण हे बुजरं जनावर. माणसाची चाहूल असेल तिथे ते फिरकत नाही. म्हणजे माणसं जाऊन बराच काळ लोटलाय, इतका की हरणांनी ते अंगण आपलंसं केलंय. लेंड्या काळ्या, कडक, सुरकुतलेल्या आहेत, म्हणजे त्याही आजच्या नाहीत. एवढी सगळी हकीकत ‘सारे निघून गेले’ असं न म्हणता एका उपमेत आली. आणि उपमान निवडलं तेही मिरीचं. मिरी म्हणजे चूल, भांडी, कुणाच्या तरी हातचं जेवण. जिथे कधी खरी मिरी सांडली असेल, त्या जमिनीवर आता ही.

ती मिरी आलेली असते आपल्याकडून. मलबारच्या डोंगरउतारांवरच्या वेलींवर ती पिकायची, वाळवली जायची आणि मोसमी वाऱ्यांवर समुद्र ओलांडून अरबस्तानात पोहोचायची. वाळवंटातल्या कवीला आपला उजाडपणा सांगायला आपल्या पश्चिम किनाऱ्यावरचा मसाला सापडावा, ही गोष्ट मला फार जवळची वाटते. त्याच कवितेच्या अगदी शेवटी, वादळी पावसाची रात्र सरल्यावर, दरीतले पक्षी पहाटे असे बेभान गातात की जणू त्यांना मिरी घातलेली मदिरा पाजली आहे. सुरुवातीला वाळलेली मिरी, शेवटी प्याल्यातली. कवीनं हे मुद्दाम केलं की नाही, याचा निवाडा मला करायचा नाही. कविता मात्र कोरड्या अंगणातून निघून भिजलेल्या दरीत येऊन थांबते, आणि दोन्ही टोकांना मिरी असते.

आपल्याकडे अरबी-फारसी म्हटलं की बहुतेकांच्या मनात एकच दालन उघडतं: शमा आणि परवाना, गुल आणि बुलबुल, साकी, मैखाना. उर्दू गझलेनं हे सगळं आपल्या कानांत इतकं रुजवलंय की ते सगळ्या पश्चिमेकडच्या कवितेचं सामान वाटतं. त्यातलं बरंचसं फारसी बागेतून आलेलं आहे. जुन्या अरबी कवितेत बाग क्वचितच भेटते. तिथे उंट आहे, शहामृग आहे, वाळूवरचे माग आहेत, तंबूभोवती पाणी अडवायला खणलेला चर आहे, चुलीचे काळवंडलेले दगड आहेत. माग काढत जगणाऱ्या माणसांची ही कविता आहे. रात्री इथे कोण थांबलं होतं, किती जण होते, कुठल्या दिशेनं गेले, हे जमिनीवरून वाचता आलं नाही तर पुढचं पाणी सापडत नाही. अशा माणसाची नजर कवितेत उतरली की ती ‘सुंदर’ या शब्दापाशी थांबत नाही, वस्तूला वाकून पाहते.

नोकरीनिमित्त आखातात राहत असताना एका सुदानी सहकाऱ्याबरोबर रात्रीचा बराच प्रवास घडायचा. गाडी चालवता चालवता तो याच कवितेतला रात्रीचा भाग म्हणायचा. ‘थांबा रे दोघं’ ही सुरुवात अरबी शाळेत गेलेल्या कुणालाही पाठ असते, तशी त्यालाही होती. पण त्याचा जीव रात्रीच्या ओळींत होता. समुद्राच्या लाटेसारखी रात्र येते आणि सगळ्या काळज्यांसकट आपले पडदे माझ्यावर सोडते. इथवर रात्र म्हणजे पाणी आणि कापड. पुढच्या ओळीत ती जनावर होते. ती पाठ ताणते, पुट्ठे मागे रेटते, आणि छातीचा भार टाकून उठायचं बघते. बसलेला उंट उठताना ज्यानं पाहिलाय त्याला हे लगेच दिसतं. उंट एका झटक्यात उठत नाही. अंगाचा एकेक भाग आळसावून उचलतो, मध्येच थांबतो. न सरणारी रात्र नेमकी अशीच असते. सरेल असं वाटतं, आणि तिचा आणखी एक भाग मागून येतो. कवी तिला म्हणतो, अगे लांबलचक रात्री, दे ना वाट सकाळीला! आणि लगेच पुढे: पण सकाळ तरी तुझ्याहून कुठे बरी आहे? मग वर पाहतो तर तारे हलतच नाहीत, जणू पिळदार दोरांनी त्यांना यझ्बुल डोंगराला बांधून टाकलंय.

सहकारी इथे गप्प व्हायचा. घरापासून लांब राहणाऱ्या माणसाला या ओळी कुणी समजावून द्याव्या लागत नाहीत.

इम्रुल कैसची ही कविता आणि तिच्या जोडीच्या आणखी काही कविता, यांना मिळून मुअल्लकात म्हणतात. सात दीर्घ कविता, काहींच्या मते दहा. त्या काबेच्या भिंतीवर टांगल्या होत्या अशी कथा प्रसिद्ध आहे, पण अभ्यासक ती मानत नाहीत. कवी सहाव्या-सातव्या शतकातले. कविता राहिल्या त्या रावींच्या, म्हणजे पाठ करून सांगणाऱ्यांच्या, तोंडी. आठव्या शतकात इराकमध्ये हम्माद या रावीनं त्या एकत्र केल्या असं मानतात. १९२६ मध्ये इजिप्तचे लेखक-अभ्यासक ताहा हुसैन यांनी इस्लामपूर्व म्हणून सांगितली जाणारी बरीचशी कविता नंतरची आहे असं लिहिलं, तेव्हा इजिप्तमध्ये मोठं वादळ उठलं होतं. तो वाद अभ्यासकांचा आहे. मला वाचक म्हणून दिसतं ते असं की या ओळी कुणीतरी उघड्या जमिनीवर राहून, डोळ्यांनी पाहून रचलेल्या आहेत.

उजाड वस्तीपाशी थांबणं ही पुढे या कवितेची रीतच झाली. प्रत्येक कवी थांबतो, प्रत्येकाला तेच दिसतं, आणि तरीही प्रत्येकाला ते वेगळं सांगावं लागतं. इथे गोंदणाची उपमा येते. मुअल्लकातलाच दुसरा कवी तरफा म्हणतो, खौला या प्रेयसीच्या वस्तीच्या खुणा थहमदच्या खडकाळ जमिनीवर अशा दिसतात जसं हाताच्या पाठीवर उरलेलं गोंदण. तिसरा, झुहैर, म्हणतो, मनगटाच्या शिरांवर पुन्हा गिरवलेलं गोंदण. माझ्या आजीच्या कोपराखाली तुळस आणि काही ठिपके गोंदलेले होते. लहानपणी मी ती तुळस बोटानं गिरवायचो. आजीची कातडी सैल होत गेली तशी तुळशीची पानं एकमेकांत मिसळली, हिरव्याचं निळं-करडं झालं, पण गेलं नाही. तरफाची ओळ वाचली तेव्हा मला जमिनीच्या आधी तो हात दिसला. वस्ती उठून गेल्यावर जमिनीवर जे राहतं ते वर काढलेलं चित्र नसतं. ते कातडीच्या आत गेलेलं असतं. सुई टोचल्याशिवाय गोंदण होत नाही, हेही त्या उपमेत न बोलता आलेलं आहे.

लबीद हा आणखी एक मुअल्लकातला कवी याच गोंदणाला आणखी पुढे नेतो. त्याच्या कवितेत वस्तीवरून पुराचं पाणी वाहून गेलंय. पाण्यानं खुणा पुसल्या जाव्यात ना? उलट होतं. वाऱ्यानं टाकलेली वाळू पाणी धुऊन नेतं आणि खालच्या खुणा ठळक वर येतात. जसं जुन्या लिखाणावरून कुणी पुन्हा लेखणी फिरवावी, किंवा गोंदणारीनं फिकं पडलेलं वर्तुळ काजळी भरून परत उठवावं. मग तो त्या दगडांना प्रश्न विचारायला उभा राहतो आणि स्वतःलाच म्हणतो, या बहिऱ्या, न मरणाऱ्या दगडांना काय विचारायचं, त्यांचं बोलणं कुठे कळतं?

लबीदच्याच कवितेत उपमेची एक वेगळी जात भेटते. आपल्याकडे ओव्यांत एका अर्थासाठी चार दृष्टांत ओळीनं येतात, एकाहून एक गोड, आणि अर्थ चारी बाजूंनी उजळतो. लबीद एकच उपमा धरतो आणि ती चालू लागते. माझी सांडणी वेगवान आहे, कशी, तर रानगाईसारखी. या रानगाई म्हणजे अरबस्तानातली पांढरी, लांब सरळ शिंगांची हरणं. ही जी गाय आहे तिचं वासरू लांडग्यांनी खाल्लंय. ती त्याला शोधते आहे. सात दिवस, सात रात्री हंबरत फिरते. पाऊस कोसळतोय, ढगांनी तारे झाकलेत. वाळूच्या कडेला एकट्या पडलेल्या झाडाच्या ढोलीत ती शिरते, पण बुंध्याभोवतीची वाळू सरकत राहते. त्या अंधारात तिचं पांढरं अंग हलतं तेव्हा ते दर्यावर्द्याच्या मोत्यासारखं चमकतं, दोरा तुटल्यावर घरंगळलेल्या मोत्यासारखं. सकाळी ती बाहेर येते, ओल्या मातीवर तिचे पाय घसरतात. तिच्या सडांतलं दूध आटलंय. पाजून नव्हे, कुणी प्यायलाच नाही म्हणून. मग माणसाची चाहूल, शिकारी, मोकळे सोडलेले कुत्रे. ती वळते आणि शिंगांनी लढते. कसाब नावाची कुत्री रक्तात पडते, सुखाम नावाचा कुत्राही तिथेच पडून राहतो. आणि तेव्हा कवी म्हणतो: अशा सांडणीवर बसून मी माझी कामं तडीला नेतो.

सांडणी कधीच विसरली गेलेली असते. कुणी याला दोष म्हणेल. उपमेनं उपमेयाला झाकू नये असं शास्त्र सांगतं. मला वाटतं लबीदला ती गाय सांगायचीच होती आणि सांडणी हे तिच्यापर्यंत जायचं निमित्त होतं. कविता उजाड वस्तीवर सुरू झाली, प्रेयसी दुरावली, दुःख सरळ सांगून टाकायची रीत नाही. मग ते सारं त्या गाईच्या अंगात भरलं. ती सात रात्री शोधते ते आपल्यालाच शोधल्यासारखं वाटतं, कारण कवी तिच्या दुःखाबद्दल एकही विशेषण वापरत नाही. फक्त सडांचं सांगतो.

तरफा वयाची पंचविशी जेमतेम ओलांडली असताना मारला गेला असं परंपरा सांगते. त्याच्या कवितेत पोरवयाचा एक लखलखीत क्षण आहे. प्रेयसीच्या टोळीचे उंट अंबाऱ्या घेऊन सकाळी निघालेत आणि त्याला ती मोठाली गलबतं वाटतात. इथवर ठीक, वाळवंटातल्या उंटाला जहाज म्हणणं आज घासून गुळगुळीत झालंय. तो पुढे जातो. गलबताची नाळ पाणी कसं फाडते? मातीच्या ढिगात काहीतरी लपवून, तो ढीग हातानं दोन भागांत वाटून, ‘सांग कशात आहे’ असं विचारायचा खेळ मुलं खेळतात ना, तसा त्या खेळणाऱ्याचा हात माती कापतो, तशी. वाळूवरचा उंट पाण्यावरचं गलबत झाला आणि त्या पाण्यातून परत वाळू वर आली, पोराच्या पंजाखाली. त्यात एक प्रश्नही लपलेला आहे: ती कुठल्या ढिगात गेली? तो प्रश्न तरफा विचारत नाही.

हाच तरफा पुढे नातेवाइकांनी केलेल्या अन्यायाबद्दल म्हणतो की तो हिंदी पोलादाच्या तलवारीच्या घावाहून जास्त जळतो. भारतात घडलेल्या पात्याची त्या काळी केवढी ख्याती होती, हे अशा ओळींतून कळतं. अंतरा बिन शद्दादच्या नावावर असलेल्या एका प्रसिद्ध कडव्यात भाले त्याच्या अंगातून पाणी पिताहेत, हिंदी पात्यांवरून त्याचं रक्त ठिबकतंय, आणि त्याला त्या पात्यांचा मुका घ्यावासा वाटतो, कारण ती प्रेयसीच्या हसऱ्या दातांसारखी चमकली.

हा अंतरा हबशी दासीचा मुलगा. काळा म्हणून बापानं आधी नाकारलेला, तलवारीच्या बळावर मान मिळवलेला. त्याच्या कवितेची पहिलीच ओळ अशी: आधीच्या कवींनी ठिगळ लावायला एखादी जागा तरी शिल्लक ठेवलीय का? सहाव्या शतकातला कवी म्हणतोय की सगळं सांगून झालंय! आणि मग तो असं काही सांगतो जे आधी कुणी सांगितलेलं नव्हतं. पावसानं न्हालेलं एक कुरण, माणसाचं पाऊल न पडलेलं, आणि त्यात एक माशी. प्यायलेला माणूस स्वतःशीच गुणगुणत बसावा तशी ती गुणगुणते आहे. पुढचा एक पाय दुसऱ्या पायावर घासते आहे. कशी? हात तुटलेला माणूस खाली वाकून, काटक्यांवर काटकी घासत विस्तव पाडायला बघतो, तशी.

माशी पाय चोळते हे कुणी पाहिलेलं नाही? पण त्या चोळण्यात एका लुळ्या माणसाची धडपड दिसायला अंतराच हवा. बसऱ्याचा थोर गद्यलेखक जाहिज यानं प्राण्यांवरच्या आपल्या ग्रंथात म्हटलं की या उपमेच्या वाटेला नंतर कुणी गेलं नाही, आणि गेला त्याची फजिती झाली. माशी उडून जाईल म्हणून आपण श्वास रोखावा इतकी ती ओळ जवळ आहे. आणि हिरव्यागार, ओल्या कुरणात विस्तव पाडायची ती खटपट! ओल्यात आग पेटत नाही. ज्याला जन्मानंच अधू ठरवलं, त्या कवीनं हे चित्र रचलं, हे विसरून मला ते वाचता येत नाही.

झुहैरबद्दल थोडक्यात सांगतो. अब्स आणि झुब्यान या दोन टोळ्यांमध्ये घोड्यांच्या शर्यतीवरून सुरू झालेलं वैर, परंपरेनुसार, चाळीस वर्षं चाललं. ते मिटल्यावर झुहैरनं युद्धाला जातं म्हटलं. पीठ सांडू नये म्हणून खाली कातडं अंथरलेलं, पूर्ण मांडलेलं जातं. आणि त्याच दमात, दरवर्षी गाभण राहून जुळी विणारी सांडणी म्हटलं. दळणं आणि विणं, घरातली दोन भरभराटीची कामं त्यानं युद्धाच्या अंगावर घातली. मृत्यूला तो रात आंधळ्या सांडणीची उपमा देतो. तिची लाथ लागली तो मेला, चुकली तो म्हातारा झाला.

मग कविता शहरात आली. बगदादमध्ये, बसऱ्यात, नदीकाठी राहणाऱ्या कवीनं उजाड तंबूपाशी का रडावं? अबू नुवासनं स्पष्टच सांगितलं: तो करंटा वळला पडक्या वस्तीची विचारपूस करायला, मी वळलो गावातल्या कलालणीचा पत्ता विचारायला. अबू तम्मामनं उपमेचं बोटच सोडलं आणि थेट रूपकात उडी घेतली. ‘दोष देण्याचं पाणी मला पाजू नकोस’ असं तो एका कवितेत म्हणाला. कुणीतरी त्याच्याकडे रिकामा पेला पाठवला, म्हणे यात थोडं दोषाचं पाणी भरून द्या. त्यानं उत्तर दिलं, आधी तुम्ही नम्रतेच्या पंखातलं एक पीस पाठवा. आईबापांपुढे नम्रतेचा पंख झुकवावा, हे कुराणातलंच वचन आहे. पेला पाठवणाऱ्याकडे यावर काय उत्तर असणार? तरीही मनापासून सांगायचं तर अबू तम्मामच्या कित्येक रूपकांपुढे मी थांबतो ते आदरानं. अंतराच्या माशीपुढे मी थांबतो ते पाय हलत नाहीत म्हणून.

शहरातही पाहणारे डोळे होते. इब्न अल-मुअतझ्ज हा खलिफाच्या घरातला. ९०८ मध्ये तो स्वतः जेमतेम एक दिवस खलिफा झाला आणि मारला गेला. चंद्रकोर त्याला चांदीची होडी दिसली, अंबर या सुगंधी द्रव्याच्या ओझ्यानं वाकलेली. इब्न अल-रूमी या दुसऱ्या कवीला कुणीतरी डिवचलं, तुला का सुचत नाही असं? तो म्हणाला, तो बिचारा स्वतःच्या घरातलं सामान सांगतोय, मी कुठून आणू? आणि मग त्यानं आपल्या गल्लीतलं सांगितलं. जाता जाता एक भाकरीवाला दिसला, क्षणात पोळी पसरवणारा. त्याच्या तळहातात गोळा होता, आणि पाहता पाहता चंद्रासारखी गोल पोळी झाली. मध्ये वेळ किती गेला? पाण्यात खडा टाकल्यावर वर्तुळ पसरायला लागतो तेवढाच.

या तीन ओळी मला चांदीच्या होडीहून मोलाच्या वाटतात. होडीत आकार आणि रंग आहे. भाकरीवाल्यात वेळ आहे, हाताचा सराव आहे. पोळी वर्तुळासारखी आहे असं म्हणणारे पुष्कळ. ती वर्तुळासारखी *होते*, मधून कडेकडे पसरत जाते, हे त्यानं पाहिलं. पोळी लाटताना, थापताना ज्यांनी आईचे हात पाहिलेत त्यांना यात काही समजावून घ्यायचं उरत नाही.

आणि पाहण्याबद्दलचं हे सगळं बोलणं बश्शार इब्न बुर्द एका ओळीत अडचणीत आणतो. बश्शार जन्मांध होता. गरुडाच्या घरट्यापाशी पडलेली पाखरांची काळजं, ताजी ती लाल बोरांसारखी, वाळलेली ती सुकल्या खजुरांसारखी, अशी इम्रुल कैसची एक ओळ आहे. एकाच ओळीत दोन उपमा. बश्शार सांगायचा की ती ऐकल्यापासून त्याला चैन पडेना, शेवटी त्यानं आपली ओळ रचली: आमच्या डोक्यांवर उसळलेली धूळ आणि तीत आमच्या तलवारी, जणू रात्र, जिचे तारे कोसळताहेत. लोकांनी विचारलं, तू तर जग पाहिलंच नाहीस, हे कसं सुचलं? तो म्हणाला, डोळे नसले की मन दिसणाऱ्या गोष्टींत गुंतत नाही आणि आतली जाण धारदार होते.

अकराव्या शतकात गुर्गानच्या अब्दुल काहिर जुर्जानी या साहित्यमीमांसकानं या ओळीवर जे लिहिलं ते वाचून मी चकित झालो होतो. धूळ म्हणजे रात्र आणि तलवारी म्हणजे तारे, अशी वाटणी केली की ओळ मेली, असं तो बजावतो. सगळा जीव कोसळण्यात आहे. तलवारी वर जातात, खाली येतात, आडव्या-तिडव्या होतात, एकमेकींवर आदळतात. तारा निखळतो तेव्हा लांबट होतो, तशा त्या लांबट आहेतच. सबंध हालचालीची सबंध हालचालीशी उपमा आहे. दोन वस्तू एकमेकींपासून जितक्या लांबच्या, तितका त्यांच्या भेटीचा आनंद मोठा, हेही त्याचंच म्हणणं. त्यासाठी त्यानं एका जुन्या कवीची जांभळी-निळी फुलं घेतली: नाजूक देठांवरची ती फुलं म्हणजे गंधकाच्या टोकाला आग धरते तेव्हाची पहिली निळी ज्योत. ओलं, थंड पान आणि जळता गंधक. गंधक पेटताना पाहिलेल्या माणसाला ती निळाई पटते, आणि त्यानंतर ते फूल साधं दिसत नाही.

मुतनब्बी हा अरबीतला सर्वांत मोठा कवी असं पुष्कळ जण मानतात. त्याच्या स्तुतिकवितांचा गडगडाट मला दूरचा वाटतो. पण इजिप्तमध्ये अडकून पडलेला, तिथून निघण्याची वाट पाहणारा मुतनब्बी तापानं फणफणतो तेव्हाची कविता मी आजारपणात हटकून काढतो. एक पाहुणी येते. लाजरी असावी, कारण अंधार पडल्याशिवाय येत नाही. मी तिच्यासाठी गाद्या घातल्या, शाली पसरल्या. तिला त्या नकोत, ती माझ्या हाडांत झोपली. पहाट तिला हाकलून लावते तेव्हा तिचे अश्रू चारी धारांनी वाहतात. हा पहाटेचा घाम. प्रेमात वेडा झालेला माणूस जशी वाट पाहतो तशी मी तिच्या वेळेची वाट पाहतो, ओढ नसताना. आणि ती दिलेला शब्द पाळते! खरेपणा हा असा छळतो तेव्हा तो वाईटच. तापाचं नावही न घेता त्यानं प्रेमकवितेचं सगळं सामान आजारपणात नेऊन मांडलं. ठरलेल्या वेळी चढणारा ताप ज्याला येऊन गेलाय, त्यानं ‘ती शब्द पाळते’ या ओळीवर मान हलवल्याशिवाय राहणं कठीण आहे.

आधुनिक कवींत माझा जीव बद्र शाकिर सय्याबवर आहे. १९२६ मध्ये बसऱ्याजवळच्या जैकूर गावात जन्मलेला, सहा वर्षांचा असताना आई गमावलेला, १९६४ मध्ये कुवेतच्या इस्पितळात वारलेला. पॅलेस्टिनी कवी महमूद दरवेशचं गाव अल-बिरवा १९४८ मध्ये उद्ध्वस्त झालं, आणि उजाड वस्तीपाशी थांबण्याची जुनी रीत त्याच्यासाठी रीत राहिली नाही, ती त्याच्या घराची हकीकत झाली. सय्याबचं तसं नाही. त्याची कविता पावसात उभी आहे. १९५४ मध्ये आलेलं त्याचं पाऊसगाणं प्रेयसीच्या डोळ्यांपासून सुरू होतं. तुझे डोळे म्हणजे पहाटवेळचं खजुरीचं बन, किंवा चंद्र दूर जाऊ लागलाय असे दोन सज्जे. बनातून सज्ज्यात, गावातून शहरात, आणि दोन्हीकडे उजेड कमी होणारा. मग पाऊस. आई वर्षापूर्वी गेलेलं मूल झोपेत बडबडतं, आणि ते फारच हट्टाला पेटतं तेव्हा मोठी माणसं सांगतात, परवा येईल ती. मग पुन्हा पाऊस, आणि दरवर्षी जमीन हिरवी होते तेव्हाही उपाशी राहणारा इराक.

त्या कवितेत तो आखाताला हाक मारतो. अरे आखाता, मोती देणाऱ्या, शिंपले देणाऱ्या, मरण देणाऱ्या! प्रतिध्वनी हुंदक्यासारखा परत येतो: अरे आखाता, शिंपले देणाऱ्या, मरण देणाऱ्या. मोती मध्येच गळालाय. पहिल्यांदा वाचताना हे माझ्या नजरेतून सुटलं असतं, पण मोठ्यानं वाचत होतो म्हणून कानाला ओळ तोकडी लागली आणि मी परत मागे गेलो. मोत्यांसाठी बुडी मारणारे पिढ्यानुपिढ्यांचे पाणबुडे, त्यातले न परतलेले, मोती ज्यांच्या हाती गेले ते व्यापारी, हे सगळं एक शब्द काढून घेऊन सांगितलं. वस्तू ठेवून नव्हे, उचलून घेऊन केलेली प्रतिमा मी याआधी पाहिली नव्हती. मी ज्या किनाऱ्यावर नोकरी करत होतो त्याच पाण्याला मारलेली ती हाक आहे, हेही वाचताना मनातून जात नाही.

या कविता थेट अरबीतून मराठीत याव्यात, आणि नुसत्या अर्थानं नव्हे तर मोठ्यानं म्हणता येतील अशा याव्यात, ही माझी फार दिवसांची इच्छा आहे. इंग्रजीच्या वळणानं आल्या की लेंड्या गाळल्या जातात, सांडणी ‘उंट’ होते, कातडं अंथरलेलं जातं नुसतं ‘चक्की’ होतं. आपल्याकडे तर सांडणी, अंबारी, जातं, गोंदण, काजळी, मिरी हे सगळे शब्द तयार आहेत, वापरून मऊ झालेले. मी लबीदच्या रानगाईपासून सुरुवात केली आहे. ओवीत ती घरगुती होते, दिंडीत तिची चाल फार सावध होते, मुक्तछंदात पाऊस नीट वाजत नाही. सध्या ती ढोलीत शिरली आहे आणि वाळू सरकते आहे. पुढचं कडवं कुठल्या वृत्तात न्यायचं ते अजून ठरत नाही.